विचर ४ साठी पीएस५ आत्ताच घ्यावा की थांबावं?

तापीकाठ (चोपडा)

मंडळी राम राम. विचर ४ ची, म्हणजे राक्षस मारणाऱ्या विचर लोकांवरच्या व्हिडिओ गेमच्या चौथ्या भागाची, वाट आपल्या खान्देशात अजून कोण कोण बघतंय ते आधी सांगा, कारण गावात या विषयावर बोलायला मला एक माणूस नाही. डिसेंबर २०२४ ला गेम अवॉर्ड्समध्ये पहिला ट्रेलर आला तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. त्यात नायिका सिरी एकटीच एका गावात येते, गावाने एका पोरीला राक्षसाच्या तोंडी द्यायचं ठरवलेलं असतं, सिरी जीवावर उदार होऊन त्या राक्षसाला मारते आणि परत येऊन बघते तर पोरीला गावातल्याच माणसांनी संपवलेलं. मी तो ट्रेलर रात्री शेतातल्या खोलीवर मोबाईलवर पाहिला आणि नंतर कितीतरी वेळ झोप नाही आली.

तिसरा भाग जळगावला कॉलेजात असताना रूमपार्टनरच्या पीसीवर खेळलो, सगळे ग्राफिक्स लोवर ठेवून, तरी तसा गेम परत भेटला नाही. आता यंदा केळीचा हिशोब बरा लागलाय, घरच्यांनी पण थोडं मोकळं सोडलंय, तर मोठ्या टीव्हीवर नीट खेळायचाय. विचारायचं हे की सोनीचा पीएस५ (टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, म्हणजे कन्सोल) आत्ता घ्यावा का गेम येईपर्यंत थांबावं? मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस स्वस्त पडतो तर त्यावर भागेल का? आणि खरी अडचण अशी की टीव्ही समोरच्या खोलीत आहे, घरात भावाची दोन लहान पोरं, आई, काकू, सगळे तिथंच बसतात, आणि हा गेम काही पोरांसमोर खेळायचा नाही. तुम्ही लोक घरात कसं जमवता ते पण सांगा. लाईटचं तर तुम्हाला माहितीच आहे.

जंक्शन (भुसावळ)

भो, मी बी वाट देखी ऱ्हायनू, तू एकटा नाहीस. पण आधी तारखेचं बघ. गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने स्वतःच सांगितलंय की २०२६ संपेपर्यंत हा गेम येणार नाही, म्हणजे लवकरात लवकर २०२७, आणि त्यात पुढे सरकला तर आश्चर्य नको. पूर्ण जोरात काम सुरू झालं तेच नोव्हेंबर २०२४ ला. फक्त या एका गेमसाठी आत्ता पैसे अडकवायचे असतील तर माझं मत नाही म्हणून आहे.

सिरीज एसचं म्हणशील तर त्याच्या भानगडीत पडू नको. जून २०२५ ला अनरियल या गेम इंजिनच्या कार्यक्रमात त्यांनी कोविर नावाच्या डोंगराळ मुलखाचा टेक डेमो दाखवला, सिरी केल्पी घोडीवर बसून घाटातून व्हाल्ड्रेस्ट नावाच्या बंदरात उतरते, बाजारात शेकड्याने माणसं आपापलं काम करतायत, आणि हे सगळं साध्या पीएस५ वर सेकंदाला ६० फ्रेमने, रे ट्रेसिंगसकट (म्हणजे उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवून). पण हेच सिरीज एसवर ६० फ्रेमने चालवणं फार अवघड जाईल असं त्यांच्याच तंत्रज्ञान बघणाऱ्या वरिष्ठ माणसाने बोलून दाखवलंय. शिवाय सिरीज एसमध्ये डिस्क घालायची सोयच नाही, म्हणजे प्रत्येक गेम पूर्ण डाउनलोड करायचा, आणि चोपड्याकडं नेट कसं चालतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

अजून एक. तो डेमो म्हणजे गेम नव्हे हे कंपनीने पण स्पष्ट केलंय. डिसेंबर २०२० ला यांचाच सायबरपंक गेम जुन्या कन्सोलवर कसा आला होता ते आठव, आठवड्याभरात सोनीने स्टोअरवरून काढला आणि परत यायला जून २०२१ उजाडलं. नंतर त्यांनी तो खरंच नीट केला, त्याबद्दल मला आदरच आहे, पण डोळे झाकून आधीच पैसे भरायचे नाहीत.

पांझरा (धुळे)

जंक्शनभाऊंचं तारखेचं बरोबर, पण थांबायचं कशाला हे मला पटत नाही. आत्ता पीएस५ घेतला तर तिसरा भाग नीट खेळायला मिळेल ना. डिसेंबर २०२२ ला त्याचा नवा अपडेट आला तो आधीच्या मालकांना फुकट आहे, पीएस४ ची डिस्क असली तरी डिस्कवाल्या पीएस५ मध्ये घालून नवीन आवृत्ती मिळते. त्यामुळे घेशील तर डिस्क ड्राईव्हवालाच घे, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, खेळून झालं की डिस्क विकता येते, मित्राला देता येते.

दुसरं, त्या अपडेटमध्ये अक्षरं मोठी करायची सोय दिलीय. ज्याला समोरच्या खोलीत दहा फुटांवरून बसून खेळायचंय त्याच्यासाठी हे लय कामाचं आहे कारण या गेममध्ये वाचायला खूप असतं, आणि आपल्यासारख्यांना इंग्रजी बोलणं नुसतं ऐकून सगळं कळत नाही, खाली लिहिलेलं वाचावंच लागतं. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा अर्धे टोमणे सबटायटल वाचूनच समजले.

आणि कन्सोलवाल्यांनी या मालिकेची वाट कायमच बघितलीय रे. पहिला भाग २००७ चा, तो कन्सोलवर आणायचं काम सुरू झालेलं पण २००९ मध्येच बंद पडलं, आलाच नाही कधी. दुसरा मे २०११ ला पीसीवर आला, एक्सबॉक्स ३६० वर यायला एप्रिल २०१२ उजाडलं, प्लेस्टेशनवर तर तोही नाही. तिसरा मे २०१५ ला पहिल्यांदा सगळीकडे एकाच दिवशी आला. आणि चौथ्याचं काम तर कन्सोल डोळ्यासमोर ठेवूनच चाललंय, आपल्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

सातपुडापायथा (यावल)

सगळे मशीनवर बोलतायत तर मी गेमवर बोलतो. हा मोठ्यांचा गेम आहे असं म्हटलं की लोकांना वाटतं रक्त, शिव्या आणि बाकीचं. ते आहेच, १८ वर्षांवरचं रेटिंग उगाच नाही. पण माझ्यासाठी मोठ्यांचा गेम म्हणजे ज्यात चांगलं-वाईट कुणी हातात आयतं देत नाही असा गेम.

तिसऱ्या भागातलं ब्लडी बॅरनचं प्रकरण घ्या. दारू पिऊन बायकोवर हात उचलणारा माणूस, बायको आणि पोरगी घर सोडून गेलेल्या, पोटातलं मूल गेलेलं, आणि तो तुमच्यासमोर बसून रडतो. तुम्हाला त्याचा राग येतो आणि त्याची कीव पण येते आणि गेम तुम्हाला सांगत नाही की कुठलं खरं. पुढे जंगलातल्या एका बांधलेल्या आत्म्याला सोडायचं की मारायचं हे ठरवायचं, सोडलं तर पोरं वाचतात पण बॅरनच्या घराची राख होते, मारलं तर उलटं. असली घरं मी इथं आजूबाजूला पाहिलीत, दारूने बसलेली, बाहेरचा माणूस न्याय करायला गेला तरी सगळं नीट होत नाही अशी. म्हणून ते प्रकरण मला खोटं वाटलं नाही.

आणि राक्षस पण नुसते मारायचे नसतात, प्रत्येकाच्या मागं काहीतरी घडलेलं असतं. सुरुवातीलाच व्हाइट ऑर्चर्ड गावाला विहिरीपाशी भरदुपारी एक बाई दिसते, ती पोलंडकडच्या लोककथेतली, उन्हाच्या वेळी शेतात भेटणारी, पोवुदनित्सा म्हणतात तिला. आमची आजी आम्हाला हेच म्हणायची, भर दुपारनं इहिरकडे जाऊ नको रे. कुठं पोलंड आणि कुठं यावल, पण उन्हात शेतात राबणाऱ्या माणसाची भीती सारखीच. त्या लोकांनी आपल्या आज्यांच्या गोष्टी उचलल्या आणि जगाला खेळायला लावल्या. कोविरचे डोंगर बघितले तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की सातपुड्यातल्या गोष्टींवर असं काम कधीतरी कुणी करावं, पाल आणि तोरणमाळच्या रानात काय कमी गोष्टी आहेत का.

अमळनेरकरीण

पोरांच्या प्रश्नाला कुणीच हात लावला नाही म्हणून लिहिते. मला एक मुलगा आहे, सातवीत, आणि मी स्वतः हा गेम खेळलेली आहे, ब्लड अँड वाइन या त्याच्या जोडभागासकट. त्यामुळे स्पष्ट सांगते, लहान मुलांसमोर अजिबात नको. फक्त ती दृश्यं नाहीत, बॅरनवाली गोष्ट पण दहा वर्षांच्या पोराने बघू नये, त्याच्या मनात ती कुठं जाऊन बसेल सांगता येत नाही.

पीएस५ मध्ये मुलांसाठी वेगळा युजर करा, त्याला वयाची मर्यादा लावा, मग त्याच्या खात्यातून १८ वाला गेम उघडतच नाही. पण स्वतःच्या खात्याला पासकोड लावायला विसरू नका, नाहीतर पोरं सरळ तुमच्याच नावाने आत जातात. आणि वेळ ठरवून घ्या. आमच्याकडे रात्री मुलगा झोपल्यावर आणि सासूबाईंच्या मालिका संपल्यावर माझा नंबर लागतो, हेडफोन लावून. घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं की हा गेम म्हणजे एक मोठी कादंबरी आहे, मला रोज थोडी वाचायची आहे. माझ्या सासूबाईंना सिरी कोण, तिचे आईबाप कुठे गेले हे सगळं तोंडपाठ आहे आता, जेवताना त्याच विचारतात पुढं काय झालं म्हणून.

उन्हाचं पण बघा. सोनीच्याच कागदावर मशीन ३५ डिग्रीपर्यंत चालवा असं लिहिलंय आणि आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी पत्र्याच्या किंवा वरच्या स्लॅबच्या खोलीत चालवू नका, शोकेसच्या बंद कप्प्यात तर कधीच ठेवू नका, मागून आणि बाजूने हवा पाहिजे. खेळताना साधारण २०० वॅट खातो, टीव्ही वेगळा, म्हणजे घरचा इन्व्हर्टर पंखे सांभाळून किती वेळ ओढेल ते आधी वायरमनला विचारा. लाईट अचानक गेली तर सेव्ह होत असताना फाइल खराब होऊ शकते, त्यामुळे मोठा निर्णय आला की आधी हाताने वेगळा सेव्ह करा. तो निर्णय बदलावासा वाटला तरी कामाला येतो.

वाघूर (जामनेर)

अमळनेरच्या ताईंनी सासूबाईंचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं. माझं वय पन्नाशीच्या पुढे, मुलाने शिकवला हा गेम. इथून पुढं तिसऱ्या भागाचा शेवट सांगतोय, ज्याने खेळला नाही त्याने वाचू नका.

चौथ्या भागात सिरीच मुख्य पात्र आहे, काही लोकांना आधीचा नायक, सिरीला बापासारखा असलेला गेराल्ट नाही म्हणून राग आला. मला वाटतं तिसरा भाग ज्याने मन लावून खेळला त्याला हे पटलंच पाहिजे. शेवटी सिरी जगते की नाही हे तलवारबाजीवर ठरतच नाही. ती खचून बसलेली असते तेव्हा तुम्ही तिला काय म्हणता, तिच्याबरोबर बर्फाचे गोळे फेकत खेळता का, की सगळंच तुला जमलं पाहिजे असं नाही म्हणून गप्प करता. चेटकिणींच्या बैठकीला तिला एकटीला जाऊ देता का, की स्वतः पुढं होऊन बोलता. तिचा एल्फ गुरू आव्हालाख याची प्रयोगशाळा फोडायचा राग तिला काढू देता का. स्क्याल नावाच्या पोराच्या थडग्यावर तिला घेऊन जाता की वेळ नाही म्हणता. बापाने पोरीवर विश्वास टाकला की ती परत येते, सारखं सांभाळत बसला की येत नाही.

मी हा गेम खेळलो त्या वर्षी माझी मुलगी पुण्याला शिकायला जायची म्हणत होती आणि घरात सगळ्यांचा नकार होता, माझा पण. त्या प्रयोगशाळेच्या प्रसंगाला मी कंट्रोलर हातात धरून बराच वेळ नुसता बसलो होतो. मुलगी गेली पुण्याला, आज नोकरी करते.

म्हणून ट्रेलरमध्ये सिरी एकटी, मांजरासारखे डोळे झालेली, स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी दिसली तेव्हा मला फार आनंद झाला. तिसऱ्या भागात तिची महाराणी होण्याची वाट पण होती, ती निवडलेल्यांना हे कसं समजावून सांगतात याची मला मोठी उत्सुकता आहे.

तापीकाठ (चोपडा)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. वाघूर दादा, तुमचं लिहिलेलं मी रात्री दोनदा परत वाचलं. मी कॉलेजात असताना सिरीला सगळीकडे जपत गेलो होतो आणि माझा शेवट वाईट आला होता, तेव्हा वाटलं गेमच तसा आहे.

ठरवलंय ते असं. सिरीज एस नाही. डिस्कवाला पीएस५ दिवाळीच्या सेलला घेतो, तोवर पैसे बाजूला ठेवतो. तिसरा भाग पहिल्यापासून परत, रात्री, पोरं झोपल्यावर. चौथ्याचे पैसे आधी भरायचे नाहीत, आल्यावर आठ-पंधरा दिवस बघायचं मग घ्यायचा. इन्व्हर्टरची नवी बॅटरी तशीही घ्यायचीच होती. कुणाकडे तिसऱ्या भागाची कम्प्लीट एडिशनची डिस्क विकायची असेल तर कळवा, जळगावला येऊन घेऊन जाईन.

पांझरा (धुळे)

डिस्क माझ्याकडे आहे, विकत नाही देणार, खेळायला घेऊन जा आणि झाल्यावर परत दे. आणि व्हाइट ऑर्चर्डच्या खानावळीत टेबलाशी एक विद्वान बसलेला असतो, त्याच्याशी बोलल्याशिवाय पुढं जाऊ नको, ग्वेंट हा गेममधला पत्त्यांचा खेळ तोच शिकवतो.