पप्पांचं घोरणं, रात्रीची लघवी आणि प्रोस्टेट: कोल्हापुरात आधी कुणाला दाखवू?

राजारामपुरीकर:
पप्पा ६४ वर्षांचे. घोरता घोरता आवाज मध्येच बंद पडतो, मग घुसमटल्यासारखा श्वास घेतात. रात्रीत चारदा लघवीला उठतात. सोनोग्राफीत प्रोस्टेट वाढलंय, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ३.१. त्यात आत्याच्या मिस्टरांनी व्हॉट्सॲपवर टाकलं, घोरणाऱ्याला प्रोस्टेटचा कॅन्सर होतो. मम्मीनं जेवण सोडलंय. युरॉलॉजिस्ट, कान-नाक-घसावाले की छातीचे डॉक्टर?

तांबडापांढरा:
भावा, तो मेसेज आधी डिलीट मार. पप्पांचं लक्षण स्लीप ॲप्नियासारखं वाटतं, म्हणजे झोपेत श्वास सारखा अडकणं. तो आणि प्रोस्टेट कॅन्सर यांच्यावर अभ्यास झालेत, पण त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. झोपेत ऑक्सिजन सारखा खाली-वर झाला की गाठ वाढायला मदत होते, हा तर्क मुख्यतः प्रयोगशाळेतला. वय आणि वजन दोन्ही आजारांत डोकावतं, त्यामुळं खापर कुणावर फोडायचं हेच ठरत नाही.

रात्रीच्या लघवीचा ॲप्नियाशी संबंध मात्र पक्का आहे. श्वास अडकला तरी छाती ओढत राहते, हृदयात रक्त जास्त खेचलं जातं. हृदयाला वाटतं पाणी जास्त झालं, ते एएनपी नावाचं हार्मोन सोडतं आणि किडनी लघवी वाढवते. बोल सगळा प्रोस्टेटला.

शाहूपुरीची काकू:
अरे, दोन-तीन रात्री मापाच्या भांड्यात लघवी करायला लाव आणि लिहून ठेव. दर वेळी भरपूर होत असेल तर ॲप्नियाचा संशय धर, तसंच शुगर आणि पायांची सूजही बघून घे. थोडी थोडी, धार बारीक, जोर करावा लागतो, असं असेल तर प्रोस्टेट. आमच्या ह्यांचं दोन्ही निघालं! हा कागद बघून डॉक्टरांनी निम्मे प्रश्न विचारलेच नाहीत.

राजारामपुरीकर:
म्हणजे आधी स्लीप टेस्ट?

तांबडापांढरा:
हो, छातीच्या डॉक्टरांकडं. सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात चौकशी कर, मग खासगीत. तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडकला तर ठीक, तीसच्या पुढं तीव्र. पीएसएची तपासणी त्यासाठी थांबवू नका, युरॉलॉजिस्टनं दिलेल्या तारखेला करा. लघवीला जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा होऊ दे, नाहीतर आकडा उगीच चढतो. लघवीत रक्त दिसलं तर तारखेची वाट बघू नका.

आणि झोपेची गोळी मनानं देऊ नको, रात्रीचा पेग असेल तर तोही बंद. दोन्हींनी घसा आणखी सैल पडतो. पप्पांना दिवसा डुलक्या येत असतील तर गाडी तू चालव.

शाहूपुरीची काकू:
सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन लागलं तर लगेच विकत घेऊ नकोस, महिनाभर भाड्यानं बघ. ह्यांच्या मिशा कोल्हापुरी, मास्कच्या कडेनं रात्रभर फुस्स! मिशा उतरवायला काय तयार होतात होय? शेवटी नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क मिळाला, नेझल पिलो म्हणून माग. मशीनला पाण्याचं भांडंही घे, नाहीतर नाक कोरडं पडून सकाळी कुरकुर.