विकिडेटातून किल्ले आणायला छोटी लायब्ररी घ्यावी, की साधं फेच पुरे?

गडवेडा: आमच्या ट्रेकिंग ग्रुपसाठी एक पान करतोय. नकाशावर महाराष्ट्रातले किल्ले, टिचकी मारली की मराठी नाव आणि फोटो. माहिती विकिडेटाची (विकिपीडियाच्या घरचा, कुणीही भर घालू शकेल असा माहितीसाठा), स्पार्कल (त्याला प्रश्न विचारायची भाषा) क्वेरी लावून. ग्रुपात लायब्ररी की फेच (जावास्क्रिप्टमधली माहिती मागवायची आयती सोय) यावरून जुंपली आहे, म्हणून इथे विचारतो.

माझं मत: विकिबेस-एसडीके (पूर्वीचं विकिडेटा-एसडीके) ही लायब्ररी घ्यावी. ती सर्व्हरशी स्वतः बोलत नाही. क्वेरीची यूआरएल बांधून देते आणि आलेलं उत्तर सोपं करते, एवढंच. पण कच्चं जेसन (उत्तर ज्या साच्यात येतं तो) पाहिलंय का कुणी? रिझल्ट्सच्या पोटात बाइंडिंग्ज, त्यांच्या पोटात एकेक रकाना, त्यात पुन्हा टाइप, व्हॅल्यू, भाषा. एका गडाचं नाव काढायला तळघरात उतरावं लागतं. लायब्ररी 'आयटम' (नोंद) आणि 'आयटमलेबल' (तिचं नाव) एकत्र करून सुटसुटीत ऑब्जेक्ट हातात देते.

निव्वळ_जेएस: असहमत. दहा ओळींचं फंक्शन आहे ते. फेच सगळ्या ब्राउझरांत आहे, नोडमध्येही (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) २०२२ च्या १८ व्या आवृत्तीपासून आयतं मिळतं. २०१६ चं लेफ्ट-पॅड विसरलात? जेमतेम अकरा ओळींचं पॅकेज एकाने एनपीएम या पॅकेज-भांडारावरून काढून घेतलं आणि जगभर बिल्ड कोसळले.

गडवेडा: लेफ्ट-पॅड येणार हे ठाऊकच होतं! लायब्ररीची फाइल स्वतःच्या रिपॉझिटरीत (कोडच्या कोठारात) ठेवली की तो प्रश्न मिटला. आणि तुमचं ते दहा ओळींचं फंक्शन फोटो नसलेला पहिला गड आला की आडवं होतं. ऑप्शनल ('असला तर दे' असा मागितलेला) रकाना रिकामा असेल तर स्पार्कल नल (रिकामी किंमत) सुद्धा पाठवत नाही, तो रकाना उत्तरात नसतोच.

निव्वळ_जेएस: त्यासाठी एक प्रश्नचिन्ह (?.) पुरतं हो. ऑप्शनल चेनिंग (नसलेला रकाना न अडखळता ओलांडणं) जावास्क्रिप्टमध्येच आहे की.

नकाशेवाली: तुम्ही दोघं भलत्याच गोष्टीवर भांडताय. रायगड उत्तरात 'पॉइंट(७३.४४ १८.२३)' असा येतो, म्हणजे आधी रेखांश, मग अक्षांश. लीफलेट या नकाशा दाखवणाऱ्या लायब्ररीला अक्षांश आधी लागतो. आकडे आले तसे ढकलले तर रायगड नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन बसतो, आणि कन्सोलमध्ये एक लाल ओळ दिसत नाही. उत्तर गोड करून मिळालं की कच्चा माल कुणी उघडून बघत नाही, म्हणून माझं मत फेचच्या बाजूने.

आणि क्वेरीचं काय? 'पी१३१ (कुठल्या प्रशासकीय भागात आहे) = महाराष्ट्र' एवढंच लिहिलं असेल तर ज्यांची नोंद तालुक्याशी किंवा जिल्ह्याशी जोडली आहे ते सगळे गड गळाले. पी१३१ पुढे तारा (*) लागतो, मग तालुका, जिल्हा, राज्य असं वर चढता येतं. ही चूक कुठलीही लायब्ररी दाखवणार नाही.

रात्रपाळी: मुळात ब्राउझरमधून थेट क्वेरी कशाला? ती सेवा फुकट आहे, सगळ्या जगाची आहे. ६० सेकंदांत क्वेरी संपली नाही तर तोडतात, फार धडका मारल्या तर ४२९ ('फार विनंत्या झाल्या' हा नकार) मिळतो. रविवारी सकाळी ग्रुपातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवरून ती तारावाली क्वेरी सुटणार का? पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले, पण डोंगरावरून एकही हलला नाही; गडांची माहिती रोज बदलत नाही. रात्री एकदा स्क्रिप्ट चालवा, यूजर-एजंटमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या ओळखीत) आपला संपर्क घाला (ते तसं मागतातच), उत्तर साठवा आणि पानाला तीच फाइल द्या. लायब्ररी मग केवढी का असेना, ट्रेकरच्या मोबाइलवर ती उतरतच नाही.

निव्वळ_जेएस: +१. आता लायब्ररी लागली तरी माझी हरकत नाही, फक्त माझ्या ब्राउझरात नको.

गडवेडा: गड हलत नाहीत, नोंदी हलतात ना. भाषा 'मराठी, मग इंग्रजी' अशी मागितली आणि दोन्ही नावं नसली तर नावाच्या जागी नुसता क्यू-क्रमांक (विकिडेटातला नोंदीचा क्रमांक) येतो. आमची पोरं तो बघून विकिडेटावर मराठी नाव भरतात. थोड्या वेळात पानावर दिसलं तर पुढचं भरतात. उद्या सकाळी दिसेल म्हटलं की कोण थांबतंय?

रात्रपाळी: मग स्क्रिप्ट तासाला चालवा. नाहीतर नाव नसलेल्या गडांपुरतंच 'ताजं करा' बटण द्या, तेवढी क्वेरी हलकी असते.

निव्वळ_जेएस: त्या नावांवरून आठवलं. लेबल (नाव) आणणारी ती सोय स्पार्कलच्या प्रमाणात बसत नाही, विकिडेटाच्या क्वेऱ्या चालवणाऱ्या ब्लेझग्राफ इंजिनाच्या आधाराने केलेली आहे. ब्लेझग्राफचं काम कधीच थंडावलंय आणि विकिमीडिया कैक वर्षं पर्याय शोधतेय. इंजिन बदललं तर क्वेरीला हात लावावा लागेल, लायब्ररी असो वा नसो.

नकाशेवाली: म्हणून क्वेरी वेगळ्या फाइलीत ठेवा, कोडमध्ये पेरू नका. आणि गडवेडा, ताऱ्याचं उत्तर राहिलं.

गडवेडा: तारा लावला. गड वाढले, पण आता क्वेरी कधी जाते, कधी ६० सेकंदांवर आपटते. रात्रपाळी, त्या स्क्रिप्टचा नमुना इथे टाकता का? विकिबेस-एसडीके मात्र तिच्यात राहणार.