शिफ्ट ड्युटी करून कोडिंग शिकतेय, सातत्य टिकत नाही. सल्ला हवाय (बजेट ५०००)

सिडकोवाली
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअर सांभाळते. बी.कॉम. झालंय, एक्सेल रोजच्या वापरातलं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला दोन-तीनदा सुरुवात केली. फॉर लूप, फंक्शन या सुरुवातीच्या धड्यांपर्यंत पोचते आणि शिफ्ट बदलते. एक आठवडा पहिली, एक आठवडा दुसरी. पहिलीच्या आठवड्यात संध्याकाळी बसता येतं. दुसरीला घरी यायलाच मध्यरात्र होते, सकाळी मुलाची शाळा आणि स्वयंपाक. आठवडाभराने लॅपटॉप उघडला की मागचं आठवत नाही, मग परत पहिल्या व्हिडिओपासून. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम. सगळं मिळून पाच हजारांच्या वर खर्च करता येणार नाही. कोणती भाषा शिकू हे विचारत नाहीये. रोज बसणं कसं जमवलंत तेवढं सांगा.

कॉलेजरोडकर
ताई, पहिलं काम म्हणजे तो लॅपटॉप बदला. ४ जीबीत ब्राउझर उघडला तरी पंखा ओरडतो, माणसाचा उत्साह तिथेच संपतो. मी गेल्या दिवाळीत १६ जीबीवाला घेतला, ६८ हजारांना पडला. तेव्हापासून रोज बसतो. चांगलं यंत्र समोर असलं की बसावंसं वाटतं.

द्वारका_सर्कल
त्यांनी बजेट ५००० लिहिलंय हो.

कॉलेजरोडकर
हप्त्यावर मिळतो. नोकरी लागली की वसूल.

ओझरचा_मेकॅनिक
नवा लॅपटॉप कशाला? आधीची हार्ड डिस्क फिरणारी असेल तर तिच्या जागी वेगवान एसएसडी डिस्क बसवा. मी एमजी रोडवर बसवून घेतली, मजुरी धरून अडीच हजारांच्या आत काम झालं. उघडायला चार मिनिटं घेणारं मशीन आता लगेच चालू होतं. आधी दुकानदाराला मॉडेल दाखवा, कुठल्या प्रकारची बसते ते मॉडेलवर ठरतं. पायथन शिकायला ४ जीबी पुष्कळ झाले. कोड लिहायला जड एडिटर टाकू नका, पायथनसोबत आयडल नावाचा साधा एडिटर येतो तो वापरा.

कॉलेजरोडकर
एसएसडी तर हवीच, तेच म्हणत होतो मी.

पंचवटी_८९
माझा अनुभव सांगते. स्वतःहून रोज बसणं होत नाही, क्लास लावा. पैसे भरले की पाय आपोआप निघतो. मी ४० हजार भरून वेबसाइट बनवण्याचा फुल स्टॅक कोर्स केला, एकही बॅच चुकवली नाही.

सातपूरचा_राजा
क्लासचं नाव काढू नका. माझ्या भावाने पूर्ण फी आगाऊ भरली, दोन महिन्यांत शिकवणारे सर सोडून गेले, पुढचं रेकॉर्डिंग लावून भागवलं. परतावा मागितला तर पावतीवरचा नियम दाखवला. क्लास लावायचाच तर महिन्याच्या महिन्याला पैसे घेणारा बघा. फी परत कधी मिळते ते लेखी घ्या. आणि तुमची शिफ्ट बदलली की बॅच बदलून देणार का, हे आधी विचारा.

पंचवटी_८९
सगळे क्लास तसे नसतात.

सातपूरचा_राजा
नसतील. ज्याचे पैसे गेले त्याला विचारा.

देवळालीकर_काका
मी १९९८ पासून या क्षेत्रात आहे म्हणून स्पष्ट लिहितो. सातत्य न टिकण्याचं कारण पायथन. पाया कच्चा राहतो. आधी सी, मग जावा. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) समजल्याशिवाय प्रोग्रामिंग समजत नाही.

गोदाकाठ
काका, त्यांनी भाषा विचारलीच नाहीये.

देवळालीकर_काका
विचारली नाही तरी सांगायला हवी. इमारत पायावरच उभी राहते.

बिटको_पॉइंट
पायथन काही कालचं नाही काका, १९९१ चं आहे. जावा १९९५ चं. वय बघायचं तर जावाच धाकटं.

इंदिरानगर_२१
एकवीस दिवस न चुकता करा, सवय लागते. हे सिद्ध झालेलं आहे. मी असंच पहाटे पाचला उठायला लागलो. रोज एकच वेळ आणि एकच जागा हवी. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

गोदाकाठ
एकवीसचा आकडा प्रयोगातून आलेला नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांनी १९६० साली लिहिलं. त्यातलं 'निदान' लोकांनी पुढे गाळून टाकलं. प्रत्यक्ष मोजणी केली ती युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी. ९६ जण घेतले, प्रत्येकाने एक नवीन गोष्ट निवडली. कुणी जेवताना फळ खायचं ठरवलं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पळायचं. निकाल २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. मधला आकडा ६६.

ताईंच्या कामाच्या गोष्टी मला त्यात दोन दिसतात. पहिली, एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. दुसरी, त्या लोकांनी घड्याळातली वेळ धरली नव्हती. 'नाश्ता झाल्यावर', 'जेवणाआधी' असा रोजचा एखादा प्रसंग धरला होता. पाळी बदलणाऱ्या माणसाला 'रोज संध्याकाळी सात' हा सल्ला लागूच पडत नाही. दोन्ही शिफ्टमध्ये न चुकता होणारी एखादी गोष्ट शोधा. झोपून उठल्यावरचा पहिला चहा म्हणा, किंवा डबा भरून झाल्यावरची वीस मिनिटं. कोडिंग तिला जोडा.

इंदिरानगर_२१
मला एकवीस दिवसांत लागली, एवढं मला माहीत आहे.

गोदाकाठ
लागली असेल. १८ वालेही होतेच त्यात.

नाशिकरोड_एक्सप्रेस
गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर रोज काहीतरी टाका. प्रोफाइलवर दिवसागणिक हिरवे चौकोन भरत जातात, मध्ये रिकामा दिसला की चैन पडत नाही. माझा अख्खा उन्हाळा हिरवा आहे.

मखमलाबाद_नाका
नाही पटलं. सलग किती दिवस झाले तो आकडा गिटहबने २०१६ मध्येच प्रोफाइलवरून काढून टाकला. चौकोन भरायला लोक स्वल्पविराम बदलून कमिट (बदलाची नोंद) करतात. आणि ताईंच्या दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात पाच चौकोन रिकामे गेले की त्या परत पहिल्या व्हिडिओवर जाणार.

सिडकोवाली
अगदी हेच होतं माझं.

मिसळ_विदाउट_तर्री
हार्वर्डचा सीएस५० हा ऑनलाइन कोर्स करा. फुकट आहे, असाइनमेंट पूर्ण केल्या की त्यांचं प्रमाणपत्रही फुकट मिळतं. पायथनसाठी त्यांचा वेगळा कोर्स आहे. मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा, दहा-दहा मिनिटांचे धडे असतात. कोणता विषय मराठीत आहे ते यादीत तपासून घ्या. पाच हजारांतला एक रुपयाही लागणार नाही.

पंचवटी_८९
फुकट मिळालेलं कोणी पूर्ण करत नाही. म्हणून क्लास म्हटलं.

द्वारका_सर्कल
गंगापूर रोडला अभ्यासिका लावा. महिन्याला हजाराच्या आसपास होतात, एसी, वायफाय, शांतता. समोर एमपीएससीवाली मुलं दहा-दहा तास बसलेली दिसली की आपणही तासभर बसतो. मी तसंच केलं.

ओझरचा_मेकॅनिक
दुसऱ्या शिफ्टवाली बाई रात्री बारानंतर सिडकोतून गंगापूर रोडला जाणार का?

बिटको_पॉइंट
आता एवढं कोण शिकतं? चॅटजीपीटीला सांगा, कोड लिहून देतं. मी ऑफिसचे रिपोर्ट तसेच काढतो.

पाथर्डी_फाटा
खूप दिवस नुसतं वाचत होते, आता लिहिते. ताई, मीही नोकरी करता करता शिकले. बिटको, लिहून मिळालेला कोड बिघडला की कुठे बिघडला हे कळायला हवं ना? त्याला 'ही एरर समजावून सांग, कोड देऊ नकोस' असं म्हटलं तर उपयोग आहे. शिकणाऱ्या माणसाने इतकंच वापरावं.

आता मूळ प्रश्न. आठवडाभराचा खाडा पडला तरी परत मागे जायचं नाही, हे आधी ठरवा. त्यासाठी उठण्याआधी काम मुद्दाम अर्धवट सोडा. प्रोग्राम चालायला लागला की बंद करू नका. पुढची एक ओळ सुरू करा आणि तिच्यावर मराठीत कॉमेंट म्हणजे स्वतःसाठी टीप टाका, 'इथे पुरवठादाराचं नाव जोडायचंय'. आठ दिवसांनी फाइल उघडली की काय करायचं ते समोर लिहिलेलं असतं. व्हिडिओ शोधत बसावं लागत नाही.

दुसरं म्हणजे धड्यातली उदाहरणं सोडा आणि स्वतःच्या स्टोअरचा माल घ्या. नट-बोल्टची यादी, प्रत्येकाचा शिल्लक साठा आणि किती झाल्यावर मागवायचा तो आकडा. साठा कमी पडलेल्या वस्तू छापणारा प्रोग्राम दहा-बारा ओळींचा होतो. मी तसाच केला होता आणि तो चुकीची यादी द्यायचा. साठा ९०, मर्यादा १००, तरी ती वस्तू यादीत येईना. खूप वेळ गेला. शेवटी कळलं की सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या यादीतून) वाचलेला आकडा पायथनला मजकूर म्हणून मिळतो. मजकुराची तुलना डावीकडून एकेक अक्षराने होते, ९ हा १ पेक्षा मोठा, म्हणून ९० हे १०० पेक्षा मोठं ठरलं. मजकुराचा आकडा करणारं 'इंट' हे फंक्शन लावलं आणि यादी बरोबर आली. ही गोष्ट व्हिडिओतही होती, मी ऐकलीही होती. पण डोक्यात बसली ती स्वतःचा माल अडला तेव्हा.

एरर आली की शेवटची ओळ आधी वाचा. काय चुकलं ते तिथे असतं, कुठल्या ओळीत ते तिच्या जरा वर.

मखमलाबाद_नाका
प्रतिसाद आवडला. अर्धवट सोडण्याची युक्ती आजपासून.

नाशिकरोड_एक्सप्रेस
+१. आणि रोज कमिट करा.

देवळालीकर_काका
जावात हा घोळ झालाच नसता, तिथे आकडा की मजकूर हा प्रकार आधी लिहावा लागतो. म्हणून म्हणतो पाया पक्का करा.

कॉलेजरोडकर
सिंहस्थाच्या आधी लॅपटॉपवर काही ऑफर येतील का? कुणाला माहिती?

गोदाकाठ
धागा भरकटतोय.

सिडकोवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वाचलं, काही दोनदा वाचलं. पाथर्डी ताई, तुमचा नव्वद-शंभरचा किस्सा वाचला आणि आमच्या शीटमधले कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येणारे सेल आठवले. तेही मजकूर म्हणून साठवलेले आकडे आहेत, त्यामुळेच आमची बेरीज चुकते.

मी काय ठरवलंय ते सांगते, बऱ्याच जणांना पटणार नाही. पायथन आत्ता बाजूला ठेवतेय. एक्सेलमधलीच कोडिंगची भाषा, व्हीबीए, शिकणार. कंपनीच्या कॉम्प्युटरवर पायथन टाकायला परवानगी नाही, पण एक्सेल आहे आणि आमच्या आयटीवाल्यांनी मॅक्रो (व्हीबीएत लिहिलेले प्रोग्राम) चालवायला हो म्हटलंय. शिफ्ट कुठलीही असो, शेवटी स्टॉक एंट्री करायला मला बसावंच लागतं. गोदाकाठ म्हणतात तो न चुकणारा प्रसंग माझ्याकडे हाच आहे. एंट्री झाली की वीस मिनिटं तिथेच, त्याच फाइलच्या कॉपीवर. घरी येऊन वेगळं बसायचं नाही. पैसे आत्ता कशावरच खर्च करत नाही, एसएसडी पुढे बघेन.

बिटको_पॉइंट
व्हीबीए? आज त्याला कोण विचारतं? नोकरीच्या जाहिराती बघा जरा.

पंचवटी_८९
वाया जाईल हो ताई. निदान ऑनलाइन बॅच तरी लावा.

पाथर्डी_फाटा
मीही पायथनच सुचवलं असतं. व्हीबीएत पुढे मर्यादा येतील.

सिडकोवाली
येतील तेव्हा पायथनकडे वळेन. लूप, अट, फंक्शन इथेही तेच आहे. महिनाअखेरीचं स्टॉक स्टेटमेंट मला दर महिन्याला हाताने करावं लागतं, अख्खी शिफ्ट जाते त्यात. ते मला मॅक्रोने करायचंय. त्यासाठी मी रोज बसेन, याची मला खात्री आहे.

देवळालीकर_काका
मी याच्या विरोधात आहे, तरी करणारच असाल तर तीन गोष्टी ऐका. प्रत्येक मॉड्यूलच्या (कोडच्या पानाच्या) अगदी वर 'ऑप्शन एक्सप्लिसिट' लिहा. नाहीतर व्हेरिएबलच्या (आकडा किंवा मजकूर साठवायच्या जागेच्या) नावात एक अक्षर चुकलं तरी तो गुपचूप नवा रिकामा व्हेरिएबल बनवतो आणि तुम्ही दिवसभर शोधत बसता. फाइल मॅक्रोवाल्या प्रकारात सेव्ह करा, साध्या एक्सेल प्रकारात केलीत तर कोड उडतो. आणि मॅक्रोने केलेले बदल कंट्रोल झेडने मागे घेता येत नाहीत. कॉपीवर काम करताय हे बरोबर आहे, ते कधी सोडू नका. अडलात तर इथेच विचारा, व्हीबीए मीही बरीच वर्षं लिहिलंय.

सिडकोवाली
काका, उद्या दुसरी शिफ्ट आहे. रात्री घरी आल्यावर पहिली एरर इथे टाकते.