मदत हवी आहे: किसकिटचा कोड चालतोय, एडिटर मात्र लाल रेघ मारतोय

मंडळी, बेळगावच्या लॅबमध्ये व्हीएस कोड एडिटर, पायलान्स (न चालवता पायथॉन कोड तपासणारं त्याचं एक्स्टेन्शन) आणि किसकिट १.० (क्वांटम कॉम्प्युटिंगची पायथॉन लायब्ररी) आहे. इंटरप्रिटर प्रोजेक्टच्याच व्हेन्वचा (त्याच्या वेगळ्या पायथॉन वातावरणाचा) निवडलाय, म्हणजे चुकीचा पायथॉन निवडल्याचा तो नेहमीचा घोळ नाही. स्टेटव्हेक्टरसॅम्पलरच्या (क्वांटम सर्किट साध्या कॉम्प्युटरवर चालवून मोजणारा किसकिटचा क्लास) निकालावर रिझल्ट[०].डेटा.मीस.गेट_काउंट्स() लिहिलं की ‘मीस’खाली लाल रेघ, चालवलं की १०२४ शॉट्सचे (सर्किटच्या फेऱ्यांचे) आकडे बिनचूक. ‘मीस’ हे नाव सगळे क्यूबिट मोजणारं मेझर_ऑल() मोजमापाच्या रजिस्टरला देतं आणि निकाल ठेवणाऱ्या डेटाबिनला ते कोड चालतानाच चिकटतं. नुसता कोड वाचणाऱ्या पायलान्सला दिसणार कसं? टाइप चेकिंग सगळंच बंद केलं तर खऱ्या चुकाही झाकतात, ते नको. त्या ओळीपुरतं टाइप इग्नोर (ही ओळ तपासू नको, अशी कॉमेंट) टाकावं, की किसकिटची पुढची आवृत्ती घ्यावी? खानापूर-निपाणीकडची नवी पोरं रेघ बघून चांगला कोडच खोडतात. कुणी केलं असेल तर सांगा की.