२४५० मेगाहर्ट्झ, १८० दिवस, विस्टर रॅट: एसएआर नेमका धरायचा कसा?

पिंजरा_सात
८ आठवड्यांचे नर विस्टर रॅट (प्रयोगशाळेत वापरतात ती एक जात), रोज २ तास मायक्रोवेव्हचं एक्स्पोजर, १८० दिवस. तीन शंका आहेत. घरगुती ओव्हनचा मॅग्नेट्रॉन (मायक्रोवेव्ह तयार करणारा भाग) 'लो'वर ठेवून वापरता येईल का? एका पिंजऱ्यात तिघे ठेवले तर चालेल? आणि पॉवर मीटरच्या आकड्याला वजनाने भागून आलेला एसएआर (शरीराने दर किलोमागे शोषलेली पॉवर) पेपरच्या रिव्ह्यूत टिकेल का?

डेसिबल
ओव्हनचं डोक्यातून काढा. बहुतेक ओव्हनमध्ये 'लो' म्हणजे मॅग्नेट्रॉन पूर्ण ताकदीने काही सेकंद चालू, काही सेकंद बंद. सरासरी कमी दिसते, जनावर मात्र झटके खातं. सिग्नल जनरेटर, सॉलिड स्टेट अँप्लिफायर, सर्क्युलेटर (परतलेली पॉवर अँप्लिफायरपासून दूर वळवणारा) आणि डायरेक्शनल कपलर (गेलेली आणि परतलेली पॉवर वेगवेगळी मोजायला), एवढं हवंच.

तुमचा भागाकार टिकणार नाही. गेलेली वजा परतलेली पॉवर एकट्या रॅटने शोषलेली नसते. भिंती, पिंजरा आणि मुताने ओला झालेला भुसाही त्यात वाटेकरी असतात. रिकाम्या पिंजऱ्याचा आकडा वजा करूनही भागत नाही, कारण रॅट आत गेला की फील्डच बदलतं.

३०० ग्रॅमच्या रॅटला ४ वॅट प्रति किलो म्हणजे जेमतेम १.२ वॅट. त्याने तापमान मिनिटाला ०.०७ अंश चढणार, ते गोंगाटातच बुडेल. म्हणून मोजणीपुरती पॉवर दहापट करा, मृत रॅट किंवा जेलच्या फँटममध्ये (शरीराच्या जागी ठेवायच्या नमुन्यात) फायबर ऑप्टिक प्रोब घाला आणि पहिल्या ३० सेकंदांचा उतार घ्या. साधारण ०.३ अंश मिळतात. उतार गुणिले विशिष्ट उष्णता (सुमारे ३५०० जूल प्रति किलो प्रति अंश) म्हणजे त्या बिंदूवरचा एसएआर. डोकं, पोट, शेपटीचं मूळ अशा निदान पाच-सहा जागा मोजा. साधं थर्मोकपल घालू नका, त्याची तारच अँटेना होते.

भुसा_आणि_फॉर्मॅलिन
तिघे एकत्र नकोत. रॅट एकमेकांवर ढीग करून झोपतात. आतला झाकला जातो आणि प्रत्येकाचा डोस वेगळा होतो. एक्स्पोजरपुरते तरी एकेकटे ठेवा, शॅम गटालाही (ज्यांना सगळं तसंच करतात, फक्त मायक्रोवेव्ह देत नाहीत) तसंच.

पाण्याच्या बाटलीची स्टीलची नळी तर आधी काढा. नळीच्या टोकाशी फील्ड एकवटतं, जिभेला चटका बसतो, रॅट पाणी टाळतो, मग खाणंही कमी. तीन आठवड्यांनी वजन घटलेलं दिसतं आणि पेपरात ते 'मायक्रोवेव्हचा परिणाम' म्हणून छापलं जातं! २ तासांचाच प्रश्न आहे, तेवढा वेळ दोन्ही गटांच्या बाटल्या काढून ठेवा. जाळीचं झाकणही नको, छिद्रं पाडलेलं पॉलिकार्बोनेट वापरा.

डेसिबल
वजनाचा मुद्दा राहिला. २०० ग्रॅमचा नर सहा महिन्यांत दुपटीच्या पुढे जातो. पॉवर तीच ठेवली तर एसएआर घसरत जाईल, म्हणून दर आठवड्याला वजन करून पॉवर नव्याने लावा. ४ वॅट प्रति किलोच्या आसपास शरीराचं तापमान सुमारे १ अंश चढतं आणि वर्तन बिघडतं. 'उष्णतेशिवायचा परिणाम' म्हणायचं असेल तर त्याच्या बरंच खाली राहा.

भुसा_आणि_फॉर्मॅलिन
शॅमशिवाय पिंजऱ्यातच राहणारा तिसरा गटही ठेवा, म्हणजे हाताळणीचा ताण वेगळा दिसेल. नियंत्रण गट कच्चा असला की काय होतं ते अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रामच्या २०१८ च्या अहवालात बघा: ९०० मेगाहर्ट्झ, रोज सुमारे ९ तास, दोन वर्षं, ६ वॅट प्रति किलोपर्यंत. नर रॅटच्या हृदयात श्वानोमा (मज्जातंतूंच्या आवरणाच्या गाठी) आढळले, पण एक्स्पोजरवाले नर नियंत्रणातल्यांपेक्षा जास्त जगले. वाद अजून चालू आहे.

पिंजरा_सात
म्हणजे शॅमच्या वेळी अँप्लिफायर बंद ठेवायचा ना?

डेसिबल
नाही, चालूच ठेवा आणि आउटपुट डमी लोडवर (पॉवर नुसती शोषून घेणाऱ्या भागावर) वळवा. पंख्याचा आवाज आणि खोलीतली ऊब दोन्हीकडे सारखी राहते. कोणता कक्ष खरा हे स्विच लावणाऱ्यालाच माहीत असावं. वजन करणाऱ्याला आणि स्लाइड वाचणाऱ्याला नाही.