दोन वर्षांच्या कॉलेजात कसलं संशोधन?

कुणीतरी म्हटलंय की अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातली (म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजातली) पोरं नोकऱ्या सांभाळून शिकतात, त्यांना संशोधनाला वेळ कुठला? अहो, म्हणूनच तर ते प्रॅक्टिकलच्या तासातच बसवायचं. उन्हाळ्यातली बिनपगारी इंटर्नशिप परवडते कुणाला!

'सी-फेजेस' बघा. हॉवर्ड ह्यूज या अमेरिकन वैद्यकीय संशोधन संस्थेचा २००८ पासूनचा उपक्रम, त्यात कम्युनिटी कॉलेजंही आहेत. मुलं अंगणातली मूठभर माती आणतात, द्रावणात घोळवून गाळतात, जिवाणूंबरोबर अगरच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर ओततात. एक-दोन दिवसांनी जिवाणूंच्या धुरकट थरात टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ ठिपके दिसले की समजायचं, जिवाणू खाणारा विषाणू सापडला. त्याचं नावही मुलांनीच ठेवायचं (नावं एकेक भन्नाट असतात). दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या एका विद्यार्थिनीला अशाच शोधात सडक्या वांग्यावर 'मडी' नावाचा विषाणू मिळाला. ती विद्यापीठातली, कम्युनिटी कॉलेजातली नव्हे, पण पद्धत हीच. तो मडी पुढे लंडनमध्ये एका आजारी मुलीच्या उपचारात वापरला गेला. २०१९ मध्ये त्यावर शोधनिबंधही आला.

पोरांचं जमतं हो. सेमिस्टरला पाच-पाच कोर्स शिकवणाऱ्या प्राध्यापकाला यासाठी एखादा कोर्स कमी करून मिळतो का, ते विचारा.