मदत हवी आहे: बीएनवायएसनंतर अमेरिकेत नॅचरोपॅथीचं लायसन्स

नमस्कार मंडळी. माझी भाची कर्नाटकातून बीएनवायएस (निसर्गोपचार म्हणजे नॅचरोपॅथी आणि योग यांची पदवी) झाली आहे, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. लग्नानंतर आता डॅलसला चाललीये. टेक्सासमध्ये नॅचरोपॅथला राज्याचं लायसन्सच नाही. ॲरिझोना, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनमध्ये मिळतं, पण त्याला एनप्लेक्स परीक्षा लागते, आणि त्या परीक्षेला बसायचं तर तिकडच्याच मान्यताप्राप्त कॉलेजची ४ वर्षांची एनडी (नॅचरोपॅथिक डॉक्टर) पदवी हवी. म्हणजे पुन्हा श्रीगणेशा! (एक एजंट म्हणतो, ऑनलाइन सर्टिफिकेटवर भागेल. मला तर थापच वाटते.) तिकडच्या बॅस्टिर विद्यापीठासारख्या ठिकाणी आपल्या बीएनवायएसचे काही विषय कुणाला माफ झालेत का? मार्कशीटचं मूल्यांकन कुठून करून घेतलंत? जावईबापूंची नोकरी डॅलसलाच आहे, राज्य बदलणं अवघड. स्वानुभव असेल तर प्लीज सांगा.